तवंदी घाट ते हिरेबागेवाडी: मालट्रकच्या अपघातात दोष एकट्या चालकावरच का थांबतो?

सौंदलगेकर (धागाकर्ता)

नमस्कार. पुणे–बेंगळूरू राष्ट्रीय महामार्ग 48 कोगनोळीजवळ कर्नाटकात शिरतो आणि निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरी, काकती असा बेळगावला येऊन पुढे हिरेबागेवाडी, कित्तूरमार्गे धारवाडकडे जातो. मालट्रकच्या अपघाताने ज्याच्या नात्यातले किंवा ओळखीतले एकही घर उद्ध्वस्त झालेले नाही, असा माणूस या पट्ट्यात मला अजून भेटलेला नाही. गेली काही वर्षे मी आमच्या परिसरातील अपघातग्रस्त कुटुंबांना कागदपत्रांच्या कामात मदत करतो. फिर्याद, महजर (म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा), मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल, शवविच्छेदनाचा अहवाल हे कागद वारंवार हातात आल्यामुळे जे दिसले ते येथे मांडतो आणि जाणकारांनी त्यात भर घालावी अशी विनंती करतो.

चालकाने वाहन भरधाव वेगाने व निष्काळजीपणे चालवल्यामुळे अपघात घडला, एवढ्या एका वाक्यावर तपास सुरू होतो आणि बहुतेक वेळा तेथेच संपतो. गाडीत किती टन माल होता, तो कोणी भरला, चालक किती तास जागा होता, ब्रेकचे काम शेवटचे कधी केले होते, पुढची गाडी रस्त्यातच का उभी होती, हे प्रश्न कागदावर येतच नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी 61,038 राष्ट्रीय महामार्गांवर, आणि एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदलेले आहे. ही आकडेवारी पोलीस ठाण्यांतील नोंदींवरून तयार होते. ठाण्यातच एक कारण लिहून मोकळे होण्याची सवय असेल, तर दिल्लीच्या अहवालातही तेच कारण मोठे दिसणार. वेग हे कारण खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. भरलेला ट्रक ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने जात असेल, तर 40 च्या वेगाच्या मानाने त्याला थांबवताना ब्रेकवर चौपट भार येतो, आणि हे समोरून आडवे जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या लक्षात येत नाही. परंतु तो ट्रक थांबू न शकण्यामागे वेगाशिवाय आणखी चार माणसांचे निर्णय असतात आणि ती माणसे त्या वेळी आपापल्या घरी झोपलेली असतात.

मला एवढेच म्हणायचे आहे की चालकाची चूक असते तेव्हाही ती त्याच्या एकट्याची क्वचितच असते. मालक, माल भरणारा, रस्ता राखणारा यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे. ती वाट वापरली जात नाही, कारण पहिल्या दोन-चार दिवसांत कोणी पुरावा राखत नाही.

उद्यमबाग_गॅरेज

चांगला विषय काढलात. मी जड वाहनांच्या ब्रेकची कामे करतो, म्हणून फक्त माझ्या कामापुरते लिहितो.

"ब्रेक फेल झाला" असे वर्तमानपत्रात छापून येते आणि लोकांना वाटते की एखादा पाइप फुटला आणि गाडी सुटली. एअर ब्रेकच्या गाडीत सहसा तसे घडत नाही. टाकीतली हवा फार उतरली, तर मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जातात आणि गाडी जागेवर थांबते. उतारावर गाडी सुटते ती ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे भांडे, तापल्यामुळे. चालक सतत पाय देऊन उतरतो, ड्रम आणि त्यावर घासून चाक थांबवणारे अस्तर, म्हणजे लायनर, तापत जातात, तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो, लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पायाखाली ब्रेक आहे असे वाटूनही गाडी धरत नाही. अशी गाडी माझ्याकडे आली की ड्रम उतरवल्याबरोबर आतल्या बाजूला निळसर झाक आणि केसासारख्या बारीक चिरा दिसतात. लायनर आणि ड्रम यांतले अंतर राखणारे स्लॅक ॲडजस्टर नीट लावलेले नसतील, तर सहा चाकांपैकी तीन-चार चाकेच काम करत असतात आणि सगळा भार त्यांच्यावर पडून ती अधिक लवकर तापतात.

तवंदी आणि वंटमुरी हे घाट गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटासारखे अवघड नाहीत, आणि धोका त्यातच आहे. चौपदरी, रुंद रस्ता पाहून चालक गिअर उतरवत नाही. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे तर अजूनही आहेत. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम आजच्या गाड्यांनाही तितकाच लागू आहे. इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो; पण तो बिघडला तर दुरुस्त करून घेणारे मालक कमी, कारण त्याच्यावाचून गाडी सपाटीवर चालते.

दोष कोणाचा असे विचाराल तर मी चालकाला सोडणार नाही. परंतु लायनर संपत आले आहेत हे गाडी गॅरेजमध्ये असताना मालकाला सांगितलेले असते, आणि "एवढी खेप होऊ दे, मग बघू" हे उत्तर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता मी ते पावतीवर लिहून त्याखाली सही घेतो.

निपाणी_मालवाहतूक

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. माझ्या स्वतःच्या गाड्या आहेत, म्हणून मालकाची बाजू लिहिणे मला भाग आहे. चर्चेचा रोख मालकाकडे वळवणे सोपे आहे, पण भाडे कोण ठरवतो ते पाहा. माल पाठवणारा भाडे टनावर देतो. नियमाप्रमाणे दोन आसांच्या (ॲक्सलच्या) ट्रकचे एकूण वजन 18.5 टन आणि तीन आसांच्या ट्रकचे 28.5 टन असावे, हे 2018 साली मर्यादा वाढवल्यानंतरचे आकडे आहेत. त्या वेळी आम्हाला वाटले होते की आता जास्तीचा माल भरण्याचा दबाव संपेल. प्रत्यक्षात भाड्याचे दर नव्या वजनावर बेतले गेले आणि दबाव पुन्हा तेवढाच झाला. मी नाही म्हटले तर दारात उभी असलेली दुसरी गाडी तोच माल घेऊन जाते. पकडले गेल्यावर दंड मात्र चालकाच्या आणि माझ्या नावावर येतो. माल भरणाऱ्याचे नाव चलनावर लिहिलेले मी आजवर पाहिलेले नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. बेळगावपासून कोगनोळीपर्यंत चालकाने गाडी नेमकी कोठे उभी करायची? ट्रक थांबण्यासाठी बांधलेल्या जागा अपुऱ्या आहेत आणि आहेत तेथे रात्री डिझेल व टायर चोरीला जाण्याची भीती असते. म्हणून तो ढाब्याच्या उजेडात, लोकांच्या नजरेसमोर, निम्मी गाडी डांबरावर ठेवून थांबतो. हे चूकच आहे. पण जागा दिली नाही आणि दंड तेवढा घेतला, असे किती दिवस चालणार?

आणि दुचाकीवाल्यांविषयीही कोणीतरी लिहावे. दुभाजकातली फट गाठण्यासाठी उलट दिशेने अर्धा किलोमीटर येणारी दुचाकी ही आमच्या चालकांची रोजची धास्ती आहे. ट्रकच्या डाव्या बाजूला, केबिनला लागून जो पट्टा असतो, तेथली दुचाकी चालकाला आरशातही दिसत नाही. लोक नेमके तेथूनच पुढे काढतात.

चिकोडी_ऊसवाला

महामार्गाची चर्चा चालू आहे, पण आमच्या बाजूच्या राज्य रस्त्यांवर आणि गावरस्त्यांवर कार्तिकापासून शिमग्यापर्यंत जे चालते ते महामार्गापेक्षा कमी नाही. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, गोकाक हा सगळा उसाचा पट्टा. हंगाम लागला की एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून, वर बांधापेक्षा उंच ऊस रचून गाड्या रात्रंदिवस कारखान्यांकडे निघतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, आणि असला तरी लोंबणाऱ्या वाड्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, तो झाकलेला असतो. लाल परावर्तक पट्टी असली तर तिच्यावर चिखलाचा थर असतो. ताशी पंधरा-वीस किलोमीटरने जाणारी ही काळी भिंत मागून येणाऱ्याला अगदी जवळ आल्यावरच दिसते.

मागच्या हंगामात आमच्या फाट्याजवळ एका ट्रॉलीचा आस तुटला. रात्री दहाचा सुमार. चालकाने नेहमीप्रमाणे मागे रस्त्यात पाच-सहा मोठे दगड ओळीने मांडले, वर बाभळीची फांदी टाकली आणि तो दुसरा ट्रॅक्टर आणायला निघून गेला. धोक्याचा त्रिकोण त्याच्याकडे नव्हता. आम्ही शेजारच्या वस्तीवरची माणसे बॅटरी घेऊन थांबलो. दोन वेळा दुचाकीस्वार अगदी हाताच्या अंतरावर येऊन वळले. पहाटे ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरून ती माणसे निघून गेली आणि दगड मात्र तेथेच राहिले. सकाळी दुधाच्या गाडीचे चाक त्यांतल्याच एका दगडावर चढले. सुदैवाने कॅन सांडण्यापलीकडे काही झाले नाही. झाले असते, तर दोष कोणाच्या नावावर लिहिला असता? ट्रॅक्टरमालक म्हणतो मी कंत्राटदार, कारखाना म्हणतो वाहतुकीशी आमचा करार कंत्राटदारामार्फत आहे, आणि शेतकरी म्हणतो माझा ऊस तोडून नेला की माझा संबंध संपला.

माझी विचारणा अशी की, कित्येक ट्रॉल्यांची वेगळी नोंदणी आणि विमाच नसतो; अशा वेळी मागून आदळलेल्या माणसाच्या घरच्यांनी भरपाई कोणाकडे मागायची? शिवाय तोडणीच्या टोळीतली माणसे, बायका-मुलांसह, उसावर बसून जातात. त्यांचे काय?

बेळगाव_न्यायालय

मी मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात तेथे, वकिली करतो. वरील प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो, पण प्रत्येक प्रकरणाची घटना वेगळी असते हे लक्षात ठेवून ती वाचावीत.

निपाणीच्या मालकांचे म्हणणे प्रथम घेतो. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 194 केवळ चालवणाऱ्याला लागू नाही. मर्यादेपेक्षा जास्त भार असलेले वाहन जो चालवायला लावतो किंवा चालवू देतो, त्यालाही ते लागू आहे. दंड 20,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. कलम 113 प्रमाणे चालक हा मालक नसेल, तर जादा भार मालकाच्या माहितीने किंवा आदेशाने होता असे न्यायालय गृहीत धरू शकते. म्हणजे माल भरणाऱ्यापर्यंत जाण्याची तरतूद कायद्यात आहे. त्याचे नाव चलनावर येत नाही हा अंमलबजावणीचा दोष आहे. सदोष रस्त्यासाठीही 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आले असून, ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न बांधणाऱ्या किंवा न राखणाऱ्या कंत्राटदाराला व प्राधिकरणाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कलमाखाली कारवाई झाल्याचे मी माझ्या कामात पाहिलेले नाही, आणि ही मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट आहे.

आता दोषाची वाटणी. दोन वाहनांच्या चुकीमुळे तिसऱ्याच माणसाला इजा झाली, तर ती संयुक्त निष्काळजी ठरते आणि जखमी माणूस संपूर्ण भरपाई त्या दोघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकतो. आपापसांतला हिशेब त्यांनी नंतर करायचा. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली हे स्पष्ट केले. जखमी माणसाचीच काही चूक असेल, तर तेवढा हिस्सा भरपाईतून वजा होतो. विमा कंपनीचा वकील नेहमी प्रकरण या दुसऱ्या खणात ढकलायला बघतो. दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावर त्यांची चूक धरता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असा 2020 चा निकाल आहे. तसेच रस्त्यात दिवे न लावता उभ्या केलेल्या टँकरवर मोटार आदळल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने निम्मा दोष मोटारचालकावर टाकला होता, तो 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला आणि टँकरलाच जबाबदार धरले. धोकादायक जागी वाहन उभे ठेवण्यास कलम 122 ने मनाई आहेच.

ट्रॉलीविषयी: विमा नसला तरी मालकाची जबाबदारी संपत नाही, पण त्याच्याकडून वसुली करणे फार अवघड जाते, हे खरे आहे. ट्रॅक्टरचा विमा असेल तर त्या कंपनीलाही प्रतिवादी करावे. मालवाहू वाहनात बसून जाणाऱ्या माणसांविषयी मात्र कठोर बोलावे लागते. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी वगळता, मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा 2003 चा निकाल आहे. मालासोबत चढवलेले मजूर त्या वाहनावरचे कामगार होते हे दाखवता आले, तर दुसरा मार्ग निघू शकतो. लग्नाच्या वऱ्हाडाला टेम्पोत बसवून नेणाऱ्यांनी तर हे आवर्जून लक्षात घ्यावे.

घटप्रभाकाठ

चालकांच्या बाजूने एक लिहितो, कारण मी वीस वर्षांहून अधिक काळ लांबच्या मार्गावर गाडी चालवली. बेंगळूरूहून भरून निघालेली गाडी मुंबईला अमुक वेळी पोहोचलीच पाहिजे असे सांगितले जाते आणि क्लीनर ठेवण्याचे दिवस आता राहिले नाहीत. पूर्वी दुसरा माणूस बोलून जागे ठेवायचा, मागे बघायचा, गाडी मागे घेताना हाका द्यायचा. आता चालक एकटा असतो. पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळे उघडे असूनही रस्ता दिसत नाही, आणि हे ज्याने अनुभवले आहे त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांतीही सांगितली होती. मला हे तास कोणत्याही मालकाने कधी मोजून दिले नाहीत. आमच्याकडून खेपा मोजून घेतल्या जात.

अपघात झाल्यावर चालक पळून जातो म्हणून लोक चिडतात. तो जमावाच्या भीतीने पळतो. जखमीला मदत करणे आणि पोलिसांना कळवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे मला मान्य आहे. परंतु जो चालक थांबला त्याला जमावाने बेदम मारले, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टोलनाक्यावर जाऊन हजर व्हावे, असे मी नव्या मुलांना सांगतो.

मेघा_संकेश्वर

मी येथे पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या थोरल्या भावाची दुचाकी रात्री महामार्गावर उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळली. ट्रक निम्मा रस्त्यावर होता, मागे दिवा नव्हता, त्रिकोण नव्हता, असे त्याला प्रथम पाहणाऱ्या ढाब्यावरच्या माणसाने आम्हाला सांगितले. दादाला गडहिंग्लजला आणि तेथून कोल्हापूरला नेले. तिसऱ्या दिवशी तो गेला. फिर्याद इकडे कर्नाटकात, मृत्यूची नोंद तिकडे महाराष्ट्रात. वडिलांनी ठाण्यात कन्नडमध्ये लिहिलेल्या जबाबावर सही केली. त्यांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. नंतर कोणाकडून तरी वाचून घेतले तेव्हा कळले की निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल आरोपी म्हणून दादाचेच नाव आहे आणि उभ्या ट्रकच्या चालकाविषयी एक ओळही नाही. ट्रक दुसऱ्याच दिवशी सोडून दिला होता.

वहिनीला दोन लहान मुले आहेत. ती आता तिच्या माहेरी, गडहिंग्लज तालुक्यात राहते. आमचे नातेवाईक म्हणतात की आरोपी तोच असल्यामुळे आता काही मिळणार नाही, आणि खटला चालवायचा म्हटले तरी वहिनीला दर तारखेला हद्द ओलांडून यावे लागेल. वकीलसाहेब, यात काही करता येईल का?

सौंदलगेकर (धागाकर्ता)

मेघाताई, तुमच्यावर आलेला प्रसंग वाचून फार वाईट वाटले. कायद्याचे उत्तर वकीलसाहेब देतील. मी पुराव्याविषयी लिहितो, कारण उभ्या ट्रकवर आदळलेल्या दुचाकीच्या बहुतेक प्रकरणांत कागद याच पद्धतीने तयार झालेले मी पाहिले आहेत. मेलेला माणूस जबाब देऊ शकत नाही आणि ट्रकचालक देऊ शकतो, म्हणून ठाण्यात कथा एकाच बाजूने लिहिली जाते.

ढाब्यावरच्या त्या माणसाला आजच भेटा आणि त्याने काय पाहिले ते तारीख-वेळेसह लिहून घ्या. तो कामगार परगावचा असेल तर हंगाम संपताच निघून जाईल. ढाब्याच्या आणि जवळच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यातले चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून मालकाला आणि ठाण्याला ते जपून ठेवण्याविषयी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ट्रक तेथे किती वेळ उभा होता हा तुमच्या प्रकरणातला कळीचा मुद्दा आहे. कोगनोळी आणि हत्तरगी या टोलनाक्यांवरून तो केव्हा गेला याची फास्टॅगची नोंद असते, मालाच्या ई-वे बिलावर (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यावर) निघण्याचा दिनांक असतो, वजनकाट्याची पावती असते. या नोंदी न्यायाधिकरणामार्फत मागवता येतात. त्या ठिकाणी रस्त्याची कड किती रुंद आहे, दिव्याचा खांब किती अंतरावर आहे याची छायाचित्रे दिवसा आणि त्याच वेळी रात्री काढून ठेवा.

ट्रकच्या मागे लाल परावर्तक पट्टी आणि खाली आडवा संरक्षक दांडा असणे नियमाने बंधनकारक आहे. तो दांडा दुचाकी किंवा मोटार फाळक्याखाली घुसू नये म्हणूनच असतो. महजरात त्या दोन्हींचा उल्लेख आहे का ते पाहा. नसेल तर मोटार वाहन निरीक्षकाच्या अहवालात पाहा.

उद्यमबाग_गॅरेज

एक भर. तो दांडा असला तरी पुष्कळ गाड्यांवर तो इतका वर बसवलेला असतो, किंवा मागच्या मागे वाकलेला असतो, की त्याचा उपयोग शून्य. गाडी सोडून दिली असली, तरी नंबरावरून मालकाचा शोध घेऊन तिच्या मागच्या भागाचे छायाचित्र अजूनही मिळवता येईल. धडकेनंतर मागचा भाग दुरुस्त केला असेल, तर ती दुरुस्ती कोणीतरी केली असणारच आणि विम्याचा दावा केला असेल तर सर्वेक्षकाची छायाचित्रेही असतील.

बेळगाव_न्यायालय

मेघाताई, नातेवाइकांचे म्हणणे बरोबर नाही. पोलिसांनी कोणाला आरोपी केले यावर न्यायाधिकरण बांधलेले नाही. फौजदारी खटल्यात लागतो तितका निःसंशय पुरावा येथे लागत नाही; कोणती हकीकत अधिक संभवनीय आहे एवढे पाहिले जाते. ढाब्यावरच्या साक्षीदाराची साक्ष नीट झाली, तर ट्रकवरचा दोष सिद्ध होऊ शकतो. 2018 च्या ज्या निकालाविषयी मी वर लिहिले आहे, तो तुमच्या प्रकरणाच्या जवळचा आहे. ट्रक उभा होता म्हणून तो वापरात नव्हता, असाही बचाव घेतला जाईल. परंतु उभे किंवा बंद पडलेले वाहनही वापरात असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच सांगितलेले आहे.

दोष सिद्ध करणे अगदीच अशक्य झाले तर कलम 164 आहे. त्यात चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. मात्र कलम 166 खाली दोष सिद्ध झाला तर भरपाई उत्पन्नावर ठरते आणि ती साधारणपणे पुष्कळ अधिक असते. तुमचे दादा चाळिशीच्या आतले आणि स्वतःचा व्यवसाय करणारे असतील, तर उत्पन्नात पुढील वाढीपोटी 40 टक्के मिळवले जातात. म्हणून बँकेचे पुस्तक, दूध संस्थेची बिले, दुकानाचा परवाना, जे असेल ते एकत्र करा. कोणत्या कलमाखाली जायचे हे कागद पाहूनच ठरवावे लागेल. दोन्हींकडे एकाच वेळी पाय ठेवता येत नाही.

वहिनींच्या प्रवासाची चिंता नको. अर्ज अपघात झाला त्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. कलम 166(2) प्रमाणे अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडेही जाता येते. त्या गडहिंग्लज तालुक्यात राहत असतील, तर कोल्हापूर जिल्ह्यात अर्ज करता येईल. सीमाभागातल्या किती कुटुंबांनी हे माहीत नसल्यामुळे अर्ज सोडून दिले असतील याचा विचार करवत नाही. तेथे कन्नड कागदांचे मराठी भाषांतर जोडावे लागेल, तेवढा खर्च धरून चला. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते आणि जबाब सही करण्यापूर्वी वाचून दाखवणे पोलिसांचे काम आहे. वडिलांना तो समजेल अशा भाषेत वाचून दाखवला नव्हता, हे त्यांनी आताच पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे आणि ढाब्यावरच्या साक्षीदाराचा जबाब नोंदवण्याची मागणी त्याच अर्जात करावी.

निपाणी_मालवाहतूक

ताईंची हकीकत वाचून मनाला लागले. माझ्या वरच्या प्रतिसादाचा अर्थ उभ्या गाडीची बाजू घेणे असा कोणी काढू नये. जागा नसली तरी त्रिकोण आणि मागचा दिवा याला काही फार खर्च येत नाही, आणि तो मालकानेच करायचा आहे. ट्रकच्या नंबराची नोंद कोठली आहे ते कळवल्यास मालकाचा पत्ता आणि विमा कंपनी शोधण्यास मी मदत करीन.

मेघा_संकेश्वर

सर्वांची आभारी आहे. अपघात श्रावणात झाला. आता पौष चालू आहे. काही मुदत असते असे ऐकले आहे, ती संपली का?

बेळगाव_न्यायालय

1 एप्रिल 2022 पासून कलम 166(3) लागू झाले असून, अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा असे त्यात आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. पण त्यावर विसंबून थांबू नका. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवलेला अपघाताचा अहवालही अर्ज म्हणून धरता येतो. तो गेला आहे का हे ठाण्यातून विचारून घ्या, पण त्याच्याही भरवशावर राहू नका. श्रावणातली तारीख पाहता तुमच्या हातात थोडेच दिवस उरले आहेत. फिर्याद, महजर, शवविच्छेदनाचा अहवाल, वहिनींचा व मुलांचा राहण्याचा पुरावा आणि ट्रकचा नंबर एवढे हाती असले तरी अर्ज दाखल होतो. साक्षीदार आणि टोलच्या नोंदी नंतर आणता येतात. या आठवड्यातच गडहिंग्लज किंवा कोल्हापूर येथील वकिलाकडे कागद घेऊन जा आणि मला वैयक्तिक संदेश पाठवा. कन्नड कागदांचे भाषांतर मी येथे करून देतो.